ओलं की कोरडं

उचला.

उचला ना.

साताऱ्यातल्या एका घरात जमिनीवर बसून तरन्नुम फोनला हे म्हणत होती. फोन सांगलीत वाजत होता. ज्याच्यासाठी वाजत होता तो तिचा नवरा. तो त्या क्षणी मरत होता किंवा मरत नव्हता. साताऱ्यातून ते कळायला काही मार्ग नव्हता.

आधी सकाळ.


मशीनं दोन, माणसं दोन

कऱ्हाडात, नदाफांच्या घराच्या पायरीवर, दोन मशीनं शेजारी शेजारी ठेवलेली आणि नवराबायको भांडत होती.

निजाम आणि तरन्नुम. निजामचे आजोबा कापूस पिंजायचे, वडील गाद्या शिवायचे. ही दोघं लोकांच्या घरी जाऊन सोफे साफ करतात. सातारा, कऱ्हाड, सांगली, जिथून फोन येईल तिथं. एक मशीन कोरडं. नुसती धूळ ओढणारं, हलकं, एसटीत मांडीवर घेऊन बसता येतं. दुसरं ओलं. त्याच्या तोंडातून साबणाचं पाणी कापडात शिरतं आणि लगेच घाणीसकट परत ओढलं जातं. दोन टाक्या, जाड नळी, पायरी उतरवताना कंबर धरावी असं जड. ते ओम्नीतच जातं, आणि ओम्नी निजामलाच चालवता येते.

कामंही दोन होती, एकाच कुटुंबातली. साताऱ्याला संयोगिता. सांगलीला तिची आई धोंडुबाई, मुलाच्या बंगल्यात. सांगलीला परवा पाहुणे येणार होते, धोंडुबाईंच्या नातीला बघायला.

“मी ओलं घेऊन साताऱ्याला जातो. तू कोरडं घे आन सांगलीची एसटी धर,” निजाम म्हणाला. “सांगलीचा सोफा मखमलीचा हाय. मखमल भिजली की वाळत न्हाई. पाव्हणं बसायचं आन मागनं ओलं होऊन उठायचं.”

“फोटो बघितला का तुमी? डोकं टेकायच्या जागी तेल बसलंय, काळं. फटीत चहा वतलाय कुणीतरी. कोरड्यानं निघतंय व्हय ते?”

“मऊ ब्रशनं उठंल.”

“मऊ ब्रशनं माझं नशीब उठंल. ओलं सांगलीला.”

“वाळंल कवा?”

“पाणी कमी मारा, दोनदा ओढा. आन फटीत नीट मारा. खरी घाण फटीत असती.”

निजामनं ओम्नीचं मागचं दार उघडलं. “बरं बाईसाहेब. फटीत मारतो.”

तो सांगलीला गेला. ती साताऱ्याला.


मऊ ब्रश, मधला ब्रश, कडक ब्रश

संयोगिताचा सोफा जाड विणीच्या सुती कापडाचा होता. तरन्नुमनं पिशवीतून ब्रश काढून फरशीवर मांडले. मऊ, केसांचा. मधला, नायलॉनचा. कडक, तो पायपुसण्यापुरता. आणि दात घासायचा एक जुना, शिवणींसाठी. मग सोफ्याच्या पाठीमागं, भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथं कुणी बघत नाही तिथं, मधला ब्रश फिरवून पाहिला. धागा उठला नाही. वरून पांढरं फडकं दाबलं. रंग लागला नाही.

“इतकं निवडताय, जसं काय साडीच घ्यायचीय,” संयोगिता म्हणाली. तीही फरशीवर बसली होती, पुढ्यात भाजक्या शेंगांची ताटली.

“साडी बदलून मिळती वहिनी. घासलेलं कापड बदलून मिळत न्हाई.”

“खा की शेंगा. तुम्ही काम करणार आणि मी बसून खाणार, बरं दिसत नाही.”

“खावा तुमी. टरफलं सोफ्यात टाकू नका म्हंजे झालं.”

संयोगिता हसली. तरन्नुमनं मशीनच्या तोंडाला चिंचोळी नळी बसवली.


चिंचोळी नळी

ही नळी बसायची गादी आणि पाठ यांच्या मधल्या फटीत जाते. पुढून चपटी, तिरकी कापलेली. फटीत काय असतं ते कुणालाच माहीत नसतं, घरच्यांनाही नाही. आज केसांचा आकडा आला, पेनाचं टोपण आलं, बिस्किटाचा भुगा आला. प्रत्येक वेळी नळी आत घालण्याआधी तरन्नुम मोबाईलचा उजेड फटीत धरायची आणि शिवणीवरून बोट फिरवायची.

“काय बघताय?”

“ढेकूण हायत का बघते. राग मानू नका वहिनी, सवय हाय.”

संयोगितानं उघड्या दाराकडं पाहिलं. मग आवाज उतरवला, जरी घरात दोघीच होत्या.

“आमच्यात नाहीत हो. आईकडं झालेत.”

“सांगलीला?”

“कुणाला बोलू नका. आधीच तिला झोप नाही. पाहुणे यायचे आणि सोफ्यात ढेकूण, आपल्यासारख्याच्या घरात! तुमच्या मिस्टरांच्या हातावर एखादा चढला तर गावभर होईल म्हणत होती. मग तिनंच उपाय केला आज सकाळी.” ती शेंग सोलत होती. “दादाचं हळदीचं गोदाम आहे ना, तिथं कीड लागू नये म्हणून गोळ्या ठेवतात, डब्यात येतात बघा त्या. नवा डबा फोडला आणि फडक्यात पुरचुंड्या बांधून सोफ्याच्या फटीत कोंबल्यात. खाली खोल. म्हणाली, मशीनवालं पोरगं यायच्या आत मरतील सगळे, आणि ते मशीननं ओढून नेईल, त्याला कळायचंही नाही.”

तरन्नुमनं मशीन बंद केलं.

“कुठं कोंबल्यात म्हणालात?”

“सोफ्याच्या फटीत.”

“त्याच सोफ्याच्या? मखमलीच्या?”

“अहो, सोफा एकच आहे. काय झालं?”

तरन्नुमचा हात मोबाईलकडं गेला.

तिचं आजोळ जतकडं. तिथं एका घरात ज्वारीच्या कणगीत अशाच गोळ्या टाकल्या होत्या, आणि कणगीच्या खोलीत दोन भावंडं झोपली होती. तरन्नुम तेव्हा शाळेत होती. तिची आजी रहिमतबी त्या घरी जाऊन आली आणि आल्यावर दोन्ही हात चुलीपुढं धरून बसून राहिली, उन्हाळ्यात. त्या गोळ्यांना पाणी दाखवायचं नसतं, एवढंच ती म्हणाली. हवेतली ओल लागली तरी त्यातून मरण सुटतं. दिसत नाही. नुसता लसणासारखा वास येतो.

हवेतली ओल.

निजाम तिथं टाकीभर पाणी घेऊन गेला होता.

फटीत नीट मारा, असं ती म्हणाली होती.


फोन

वाजतोय. वाजतोय. वाजतोय.

उचला.

काम करताना निजाम फोन ओम्नीतच ठेवतो. एकदा बादलीत पडला होता, तेव्हापासून. तिनंच सांगितलं होतं तसं.


फोन

“दादाला लावते,” संयोगिता म्हणाली. आता तिचा चेहराही बदलला होता. तरन्नुमनं सांगितलं होतं, अर्धं शब्दांत आणि अर्धं हातवारे करून. उदयसिंह, तिचा भाऊ, मार्केट यार्डात होता. हळदीचे सौदे चालू असले की तो फोन खिशातून काढत नाही.

वाजतोय. कट.

संयोगितानं त्याला बोलून निरोप पाठवला. दादा, घरी जा, सोफ्यात गोळ्या आहेत, तो माणूस पाणी मारतोय, दादा घरी जा, दादा. निरोप गेला. ऐकल्याची निळी खूण आली नाही.

“आईला लावा. वहिनी, आईला लावा.”

“तिचा बटनाचा फोन आहे. पिशवीत असतो. पिशवी खुंटीला असते.”

“लावा.”

संयोगितानं स्वतःचा फोन तरन्नुमच्या हातात दिला, तिचा स्वतःकडं घेतला आणि एकशेआठ फिरवला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती. “सातारा नाही. मी साताऱ्यातून बोलतेय. माणूस सांगलीत आहे. हो, सांगलीत. नाही, मी नाही बघितलं त्यांना. नाही, अजून काही झालेलं नाही. म्हणजे झालं असेल.”

तरन्नुमच्या कानात दुसरी घंटा वाजत होती. तिला खुंटी दिसत होती. पिशवी दिसत होती. त्या खोलीत ती कधी गेलेली नव्हती, तरी सगळं दिसत होतं: गुडघ्यावर बसलेला निजाम, त्याचं तोंड फटीपाशी. पाठीवर चिकटलेला शर्ट. तो नेहमी फटीवर वाकतो, अगदी जवळ, कारण त्याला आतलं बघायचं असतं. त्याला चष्मा लागलाय आणि तो मान्य करत नाही.

नाही. तो चहाला बाहेर गेला असेल.

नाही. टाकी भरायला मागं गेला असेल, नळावर.

नाही.


फोन

“हां, कोण?”

“आजी! मी तरन्नुम. सोफावाली. निजामची बायको.”

“आगं व्हय का! ह्यो संयोगीचा फोन न्हवं? तुझा मालक आलाय की हितं. लय झ्याक काम करतंय पोरगं. एक बाजू आरशागत केली.”

“तुमी कुठं हायसा आजी?”

“सैपाकघरात. त्येच्यासाठीच चा टाकलाय. का गं?”

“त्यांना बाहेर बोलवा. आत्ता. मशीन बंद कराय सांगा.”

“चा उकळू दे की.”

“आजी, सोफ्यात गोळ्या हायत.”

पलीकडं चमचा कुठंतरी ठेवल्याचा आवाज. मग धोंडुबाई बोलल्या, पण त्यांचा आवाज बदलला होता, दारात उभं राहून परक्याशी बोलावं तसा.

“कसल्या गोळ्या? आमच्यात न्हाईत कसल्या गोळ्या. कुणी सांगितलं तुला?”

“आजी, तसं न्हाई—”

“आमचं घर सोच्छ हाय. परवा पाव्हणं येणार हायत आमच्यात. कुणीबी कायबी उठवंल.”

संयोगितानं फोनवर तोंड आणलं. “आई, मी सांगितलं. मी!”

“संयोगे! घरातलं भाईर सांगतीस व्हय गं तू?”

“आई, त्या गोळ्यांना पाणी लागलं की विषारी वायू सुटतो. माणूस मरतो.”

“आगं, उदूच्या गोदामात पोत्यापोत्याला टाकत्यात. कोण मेलंय तितं?”

“गोदाम बंद करून सगळे बाहेर जातात आई! कुणी आत बसत नाही!”

धोंडुबाईंनी नाकानं हवा हुंगल्याचं ऐकू आलं. मग हळूच:

“तरीच म्हणलं.”

“काय?”

“मघाधरनं लसणाचा वास येतोय. मला वाटलं शेजारनी चटणी कुटत्यात.”

तरन्नुमनं डोळे मिटले. “आजी, हॉलच्या खिडक्या उघड्या हायत?”

“खिडक्या कशाला उगडू? एसी लावलाय, दारबी वढलंय. ते पोरगं म्हणत व्हतं उगडा उगडा, पन म्याच म्हणलं, एसीत लवकर वाळतंय. आन रस्त्यावरनं सगळी बघत जात्यात.”


आवाज

हे आधीच ऐकू यायला हवं होतं. पण तिघी बोलत होत्या.

आता कुणी बोलत नव्हतं आणि फोनमध्ये मशीन ऐकू येत होतं. भिंतीच्या पलीकडचं, बारीक. ओलं मशीन. तरन्नुमला ते झोपेतही ओळखू येईल. नळीचं तोंड कापडावर टेकलं की ते कण्हतं, उचललं की मोकळं ओरडतं. टेकलं, उचललं. टेकलं, उचललं. काम चालू असलं की ते माणसासारखा श्वास घेतं.

आता ते एकाच सुरात चाललं होतं.

कण्हत नव्हतं. नुसतं ओरडत होतं, न थांबता, न बदलता. म्हणजे नळीचं तोंड हवेत होतं. किंवा जमिनीवर पडलं होतं. म्हणजे ते कुणाच्या हातात नव्हतं.

“आजी. सैपाकघरातनं हॉल दिसतो?”

“काचंतनं दिसतोय थोडा.”

“ते काय करत्यात?”

चपलांचा आवाज. थांबला.

“खाली बसलंय गं. सोफ्याला टेकून. दमलं आसंल.”


यात कुठलं अवजार नाही

बोलायचं एवढंच तरन्नुमच्या हातात होतं, आणि ऐकणारी एक म्हातारी होती जिचे गुडघे गेले होते.

जा, दार उघडा, त्याला ओढा. एवढं म्हटलं की धोंडुबाई गेल्या असत्या. त्या आत गेल्या असत्या आणि तो वास त्यांच्याही छातीत गेला असता. निजाम धिप्पाड आहे. त्यांच्यानं तो हलला नसता.

नका जाऊ म्हटलं की निजाम तिथंच.

संयोगिता तिच्यासमोर फरशीवर बसली होती. मांडीवर शेंगांची टरफलं. तिची आई होती ती. तिनं फोन हिसकावून घ्यायला हवा होता, तिनं ओरडायला हवं होतं की आई तू बाहेर पड. तिनं तोंडावर हात धरला होता आणि ती तरन्नुमकडं बघत होती, आणि एक शब्द बोलत नव्हती.

तरन्नुमला वाटलं, ही काही बोलली तर बरं होईल. मग मला तिचा राग तरी धरता येईल.

“आजी,” ती म्हणाली. “आत जाऊ नका. मागच्या दारानं बाहेर व्हा.”

संयोगिताच्या तोंडून रडण्याचा आवाज आला.

“आन ह्ये पोरगं?”

“बाहेरनं हाका मारा त्यांना.”

“मशीन बोंबलतंय, त्येला काय ऐकू जातंय?”

खरं होतं. मशीन चालू होतं तोवर कुणाचीही हाक आत पोचणार नव्हती. आणि ते बंद करायचं बटन खोलीत होतं.

बटन खोलीत होतं.

“वहिनी, तुमच्या घराचा मीटर कुठंय? सांगलीच्या घराचा?”

“बाहेर. पोर्चमध्ये. का?”


मेन स्विच

धोंडुबाई चालत होत्या. फोन त्यांच्या मुठीत होता, म्हणून साताऱ्यात त्यांचा पदर ऐकू येत होता, बांगड्या ऐकू येत होत्या, बंगल्याच्या कडेच्या बोळातून भिंतीला धरत धरत घासत चाललेला हात ऐकू येत होता.

“थांब… गुडघा… आगं आई गं.”

“आजी, चला.”

“चाललीया की. उडू का आता?”

कुंडी पडली. धोंडुबाईंनी कुंडीला शिवी दिली. मशीनचा आवाज लांब गेला आणि मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा जवळ आला. त्या पुढच्या अंगाला आल्या होत्या.

“ह्यो डबा व्हय?”

“लोखंडी झाकण असेल आई. आतला मोठा दांडा. खाली ओढ.”

“हात पुरत न्हाई मला.”

“आई, काहीतरी घे. काठी घे.”

“थांब.”

काहीतरी ओढलं जाण्याचा आवाज. स्टूल, खुर्ची, काहीतरी. तरन्नुमला ती म्हातारी स्टुलावर चढताना दिसली. तिला वाटलं आता हीही पडेल. आता दोघंही जातील, आणि तेही माझ्या शब्दावर.

खट्.

मशीन थांबलं.

आवाज बंद झाला की जे उरतं ते इतकं मोठं असतं हे तिला माहीत नव्हतं. फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखत होता.

“निजाऽऽम! ए पोरा! भाईर ये!”

काही नाही.

“ए निजाम! आरं भाईर ये रं!”

काही नाही.

तरन्नुमही ओरडायला लागली. साताऱ्यातून. शेजारच्या दाराची कडी वाजली, कुणीतरी डोकावलं. ती ओरडत राहिली, जणू त्या छोट्या फोनमधून, त्या म्हातारीच्या मुठीतून, दाराच्या फटीतून तिचा आवाज आत शिरणार होता.

“त्ये येत न्हाई गं,” धोंडुबाई म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “मी दार उगडती.”

“नको आजी.”

“आई, नको!”

“म्याच ठेवल्यात न्हवं,” धोंडुबाई म्हणाल्या, आणि फोन कशावरतरी ठेवल्याचा टक् असा आवाज आला.


फोनमधून जे आलं ते

कडीचा आवाज.

दार.

कुणीतरी खोकलं. बाईचं खोकणं.

स्कूटर गेली.

लांबून भाजीवाला: मेथीऽऽ, चाकवऽऽत.

काही नाही.

काही नाही.

मेथीऽऽ. जवळून.

संयोगितानं तरन्नुमचा दंड धरला होता, नखं रुतली होती. दोघींपैकी कुणालाही ते कळलं नव्हतं.

पळणारे पाय.

“हॅलो? ह्यो फोन कुणाचा? कोण बोलतंय?”

“तुमी कोण?”

“मी सयाजी. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. म्हातारी उंबऱ्यात पडलीया हितं. तिला भाईर घेतलीया मी. चक्कर आली वाटतं, एकशेआठला फोन लावा.”

“लावलाय! आत बघा! आत माणूस हाय!”

“आत कोन न्हाई, अंदार हाय सगळा.”

“हाय! सोफ्याला टेकून बसलाय! माझा माणूस हाय आत!”

सयाजी बहुतेक दारातून डोकावत होता. त्यालाही वास आला असणार.

“श्वास धरून जा,” तरन्नुम म्हणाली. “आत श्वास घेऊ नका भाऊ. पाय धरून वढा आन बाहेर या. श्वास घेऊ नका.”

त्याच्या घरी कोण कोण आहे हे विचारायचं तिला सुचलं नाही. बायको, लेकरं. ते नंतर सुचलं. त्या वेळी तिनं त्याला आत पाठवलं. म्हातारीला पाठवलं नव्हतं, याला पाठवलं.

पुन्हा भाजीवाला. आता तोही ओरडत होता, पण मेथी नव्हे. काच फुटली. कुणीतरी कुणालातरी “धर, धर, खांद्याला धर” म्हणालं. मग एक आवाज आला जो तिला आधी ओळखता आला नाही. ओकारीचा.

“भाईर हाय,” सयाजी म्हणाला. धापा टाकत होता. “वकतोय. डोळं उगडं हायत त्येचं.”

तरन्नुमला उभं राहायचं होतं. संयोगितानं तिला हात धरून उठवलं.


गाडी

संयोगिता गाडी चालवत होती. तिनं चप्पल घातली नव्हती. कऱ्हाड आलं, गेलं. नदाफांच्या गल्लीकडं जाणारा रस्ता डाव्या हाताला राहिला आणि तरन्नुमनं तिकडं पाहिलंही नाही. उदयसिंहनं निरोप ऐकला होता, तो दवाखान्यात पोचला होता, त्यानं निजामला फोन दिला होता.

“हां,” निजाम म्हणाला.

“बोला.”

“काय बोलू? डोकं फुटतंय. घशात जाळ झालाय.”

“बोलत राहा.”

“सोफा अर्धाच झालाय. उजवी बाजू राहिली.”

“जळू दे तो सोफा.”

“तेल निघालं बरं का. तू म्हणत होतीस तसंच. ओल्यानंच निघालं.” खोकला. “लय भारी निघालं.”

“गप बसा.”

“आता म्हणालीस बोलत राहा.”

तिनं हसायला तोंड उघडलं आणि भलतंच काही बाहेर आलं. संयोगितानं गाडीचा वेग वाढवला. मग रेंज गेली.

रेंज गेली त्या रस्त्याला दोन्हीकडं ऊस होता. ट्रॅक्टर मध्येच चालले होते, मागं ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. तरन्नुम बंद पडलेल्या फोनला “हॅलो” म्हणत होती. थांबायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आपण थांबलो की तोही थांबेल.


दवाखाना

डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी गोड बोलायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल तरन्नुमला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

“या विषावर उतारा नाही,” ते म्हणाले. “शरीरानंच बाहेर टाकायचं. आत्ता दोघंही बोलतायत, चांगलं आहे. पण हृदयावर परिणाम कधी कधी उशिरा दिसतो. आज रात्र बघू, उद्या बघू. मग सांगेन.”

“म्हंजे बरं हाय का न्हाई?”

“आत्ता बरं आहे.”

सयाजीलाही खाटेवर झोपवलं होतं, नुसतं लक्ष ठेवायला. तो सारखा उठून बसत होता, कपड्यांचे गठ्ठे उघड्यावर राहिलेत म्हणून. तरन्नुम त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. “घरी कोण कोण असतं भाऊ?” तिनं विचारलं. “चौघं हायत,” तो म्हणाला. तिनं मान हलवली. पुढं तिच्याच्यानं विचारवलं नाही.

समोरच्या खाटेवर धोंडुबाई. नाकाला नळी, केस सुटलेले. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, सोफ्यात त्या गोळ्या कशासाठी ठेवल्या होत्या?”

धोंडुबाईंनी खोलीभर नजर फिरवली. उदयसिंह होता, संयोगिता होती, दोन नर्स होत्या, पलीकडच्या खाटेवरचे परके लोक होते.

“उंदीर झालं व्हतं,” त्या म्हणाल्या.

संयोगितानं मान खाली घातली. मग धोंडुबाईंनी सलाईन लावलेला हात उचलून तिला जवळ बोलावलं, ती वाकली तेव्हा तिची ओढणी मुठीत धरली, आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “ढेकूण व्हते गं. तुला सांगाय पायजे व्हतं. त्येला सांगाय पायजे व्हतं.” मूठ सुटेना. तरन्नुमनंच एकेक बोट सोडवलं, हळू, कारण ती बोटं थंडगार होती आणि तिला त्या थंडपणाची भीती वाटत होती.

निजामच्या खाटेवर, त्याच्या डोक्याच्या वर, यंत्राच्या पडद्यावर एक हिरवी रेघ पळत होती. वर, खाली. वर, खाली. ती रेघ वाचता येत नसल्यामुळं तरन्नुम ती जास्तच बघत होती. बाहेर संध्याकाळ झाली होती. कुणीतरी मगरिबच्या नमाजाला जाऊन येतो म्हणून उठलं. ती जागेवरच बसली, ओठ हलवत.

निजामनं डोळे मिटले.

“आवं.”

“काय?”

“काय न्हाई.”

त्यानं पुन्हा मिटले. तिनं रेघ बघितली. त्याची छाती बघितली. चादर वर होते का बघितलं.

“आवं.”

“काय गं?”

“काय न्हाई.”

“तरन्नुम, मला झोपू दे.”

“झोपा की. डोळं उघडं ठेवून झोपा.”

निजाम हसला. आधी गालात, मग छातीतून, आणि ते हसणं मध्येच अडकून खोकला झालं, खोकला थांबेना, त्याची मान उशीवरून वर आली, आणि पडद्यावरची रेघ एकदम उंच उडाली, वेडीवाकडी, आणि यंत्र वाजायला लागलं. नर्स धावली. दुसरी धावली. समोरच्या खाटेवर धोंडुबाई उठून बसल्या. सगळे त्या रेघेकडं बघत होते.

खोकला थांबला. यंत्र थांबलं. रेघ हळूहळू पहिल्यासारखी झाली, किंवा पहिल्यासारखी वाटली.

“हलवू नका त्यांना,” नर्स म्हणाली. “शांत पडू द्या.”

निजाम तरन्नुमकडं बघत होता. डोळ्यांत पाणी, ओठांवर पुढची थट्टा तयार होती, तिला दिसत होती ती. तिनं त्याच्या तोंडावर हलकेच हात ठेवला.

त्यानंतर तिनं त्याला हाक मारली नाही. ती नुसती त्याचा श्वास तळव्यावर घेत बसली, आणि दोन श्वासांच्या मध्ये प्रत्येक वेळी वाट बघत राहिली.